अनुज्ञेय त्रुटी

धंतोलीत जिन्याखाली चपला काढल्या,
माझा नंबर सत्तेचाळीस.
बाहेर पारा त्याहून दोनच अंश खाली.
डॉक्टर पानतावणे बाईंनी लिहिलं :
बस्पिरोन, पाच, सकाळ-संध्याकाळ.
म्हणाल्या, ही ती नव्हे.
झोप आणणार नाही, सैलही करणार नाही.
पंधरा दिवस काहीच वाटायचं नाही, कदाचित महिना,
तरी घ्यायची.
आणि पपनस खाऊ नका, रक्तात गोळी चढते.
संत्रं?
या गावात हा प्रश्न विचारताना
माझा गळा कोरडा पडला होता.
चालेल, म्हणाल्या. हसल्या नाहीत, बरं झालं.

ती म्हणजे जुनी. पाव मिलिग्रॅमची.
घेतली की अर्ध्या तासात
छातीतला बाजार उठायचा,
हमाल पाट्या घेऊन घरी निघायचे.
मग पाव पुरेना, मग अर्धी,
मग खिशात पाकीट नसलं
तर खिसाच फाटका वाटायचा.

मी वजनमापे खात्यात, चोवीस वर्षं.
कळमन्याच्या धर्मकाट्यावर
वीस-वीस किलोची मापं रचतो, शिक्का मारतो.
काटा लबाडीने खोटा होतो तसा
सवयीनेही होतो, हे मी पाहिलंय :
स्प्रिंग रोज तेवढंच ओझं सोसते, सोसते,
आणि एका सकाळी
ओझं उचललं तरी
शून्यावर परत येत नाही.

नव्या गोळीनंतर
घर थोडं डावीकडे कलायचं.
मानेच्या मागे झिणझिण,
ओला हात कूलरच्या पत्र्याला लागावा तशी.
अनसूया म्हणायची, बसून घ्या ना जी.
बसायचो.
पावणेसातला भीती यायची, वेळेची पक्की,
समोरच्या खुर्चीत बसायची.
तिला काही फरक पडला नव्हता.

उरकुडे म्हणाला,
काहून जीव आटवून राहिला बे?
जुनीच घे, एका झटक्यात काम.
हे म्हणजे वाळ्याच्या ताटीवर फुंकर मारणं झालं.
खरं सांगू, मलाही तसंच वाटत होतं.
एक दिवस सगळे जेवायला गेल्यावर
कार्यालयातला काचेच्या पेटीतला तराजू उघडला,
श्वासानेही हलतो तो,
आणि गोळी ठेवली.
शंभरावर काही मिलिग्रॅम भरली.
औषध त्यातलं पाच.
बाकी सगळं
त्या पाचाला धरून ठेवणारं.
झाकण लावलं. गोळी पाण्याबरोबर घेतली,
चोरून खाल्ल्यासारखी.

कितवा दिवस होता आठवत नाही,
मोजायचं राहून गेलं होतं.
काट्यावर ट्रक उभा,
व्यापारी ओरडत होता, ड्रायव्हर ओरडत होता,
मी म्हणालो, तीस किलो जास्त दाखवतोय, सील लावतो.
म्हणालो आणि सील लावलंही.
तर्री-पोहे खाल्ले, वर कच्चा कांदा मागितला.
घरी येईस्तोवर ध्यानातही आलं नाही
की हात थरथरला नव्हता.

बरं वाटलं असं नाही म्हणणार.
त्या संध्याकाळीही ती आली,
सात वाजून दहाला,
आणि थोडी ओशाळलेली दिसली.

बाईंना विचारलं, हिची सवय लागेल का?
नाही लागत सहसा, म्हणाल्या.
एवढी रुक्ष गोष्ट ऐकून
मला का भरून आलं कोण जाणे.
चोवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो
की कायद्यात शून्य चूक असा काटाच नाही,
प्रत्येकाला थोडी सूट लिहिलेली आहे,
तेवढ्यात बसला की तो खरा.
हे दुसऱ्यांना सांगत आलो.

रात्री अनसूया संत्रं सोलत होती.
पाणी टाकायला उठली, ओला हात पत्र्याला,
आई गं, म्हणाली, सवयीने.
तेव्हा पहिल्यांदा सुचलं :
उद्या इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं.
कूलरला अर्थिंगच नाही,
आणि किती उन्हाळे आपण
नुसते हात झटकत आलो.